दोन पाकळ्यांची झडप

औंधच्या यमाईचा डोंगर मी लहानपणापासून चढत आले. गेल्या वर्षी मात्र निम्म्या पायऱ्यांवरच डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा वडील तोंडावर पाणी मारत होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडंच असतात. उपासानं झालं असेल, असं त्यांचं म्हणणं. वडूजच्या डॉक्टरांनी मात्र छातीला नळी दोनदा लावली आणि सांगलीला चिठ्ठी दिली.

सांगलीच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या झडपेला तीन पाकळ्या असतात, माझ्या झडपेला जन्मापासून दोनच. आता ती जाड झाली आहे, नीट उघडत नाही. जड उचलायचं नाही, सहा महिन्यांनी दाखवायचं, पुढं कधीतरी झडप बदलावी लागेल. मी मान हलवत राहिले. उठताना ते म्हणाले, हे रक्ताच्या नात्यात असू शकतं, सख्ख्या भावंडांना तपासून घ्या.

मला एकच भाऊ. सात वर्षांनी धाकटा, फौजेत, तेव्हा बर्फाच्या उंच भागात.

वडीलही फौजेतूनच निवृत्त झालेले. एसटीत विटं आल्यावर म्हणाले, "त्याला सांगू नगंस. एकदा कागदावर आलं की घरी बसवत्यात."

"आणि तिथंच काही झालं तर?"

त्यांनी तिकिटाची घडी घालून खिशात ठेवली.

अकरा दिवस मी गप्प राहिले. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मध्येच थांबायचे, छातीवर हात ठेवायचे. माझ्यापेक्षा त्याचेच ठोके मोजतेय असं वाटायचं. शेवटी फोनवर सांगून टाकलं. तो म्हणाला, रोज पाच किलोमीटर पळतो, मला काय होणार. खूप विनवल्यावर सुट्टीत सांगलीला गुपचूप तपासणी करायला कबूल झाला.

तो आला. आम्ही तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. सुरुवातीला काय जाणवतं, असं त्यानं विचारलं. काहीच जाणवत नाही, मी म्हणाले. त्यानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"ताई, आत गेलो आन् निघालं, तर मग मी कोण?"

"जिता राहशील."

"तुला सोपं हाय. तुला खडूच धरायचा."

नर्सनं त्याचं नाव पुकारलं. तो उठला आणि सरळ जिना उतरून गेला. मी मागं निघाले, पण पहिल्याच वळणावर दम लागला. कठडा धरून उभी राहिले. खाली पोचले तोवर तो दिसेनासा झाला होता.

उरलेल्या सुट्टीत तो माझ्याशी बोलला नाही. परत गेल्यावर फोनही उचलत नाही. खुशाली वडिलांकडून कळते, आणि त्यांचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून दारात येते.

परवा पुन्हा सांगलीला गेले. झडप आणखी आकसलीय, ऑपरेशन आता लांबवता येणार नाही. चालेल, मी म्हणाले. खरं तर मला ऑपरेशनचं काहीच वाटलं नाही. फाईल मिटताना डॉक्टरांनी विचारलं, भावाची तपासणी झाली का?

झाली, मी म्हणाले, त्याला काही नाही.

असं मी का म्हणाले, मला सांगता येत नाही. वडील शेजारच्या खुर्चीत होते, तपासणी झालीच नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.