धोक्याच्या पाटीवरची हसरी अक्षरं

माझा मामा खेळण्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याचं अक्षर म्हणजे नुसता खोडसाळपणा. पोट सुटलेला 'ध', एका पायावर उडी मारणारा 'क'. पाटी जमली की नाही, हे तो मालकाला कधीच विचारायचा नाही. ओली पाटी दुकानाबाहेर टेकवून ठेवायचा. रंगात चिमुकल्या बोटांचे ठसे उमटले, की पाटी पास.

त्याचा हात थरथरायला लागला, तेव्हा मीच हौसेने ती अक्षरं कॉम्प्युटरवर उतरवून त्यांचा फॉन्ट केला आणि सगळ्यांना फुकट वाटला. फुगे, बिस्किटांचे पुडे, गोष्टींची पुस्तकं, जिकडेतिकडे तो दिसू लागला. मी हवेत होते. मामाच्या जिवाला मात्र घोर. "कुठेही जातील गं ती अक्षरं," म्हणायचा.

परवा शाळेमागच्या विजेच्या पेटीवर नवी पाटी लागली. 'धोका. हात लावू नका.' अक्षरं मामाची. आम्ही वीज कार्यालयात धावलो, तर तिथला साहेब म्हणाला, "छान दिसतात की. मुलं थांबून वाचतात."

"म्हणूनच बदला ती," मामाने हट्टच धरला. मी साहेबाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण फॉन्ट वाटला होता मीच.

पाटी बदलायला आठवडा लागणार होता. तेव्हापासून शाळा सुटायच्या आधी मामा घडीची खुर्ची घेऊन पेटीसमोर पहारा द्यायला बसतो. आज मीही सोबत गेले. मामाने खुर्ची उघडलीच नाही. पाटीवरच्या धुळीत, 'ध'च्या पोटावर, चार चिमुकली बोटं उमटली होती.