मधल्या बोटाची जागा

सरांच्या डाव्या हाताला मधलं बोट नव्हतं. तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राने ते नेलं, पाठोपाठ नोकरीही गेली, म्हणून त्यांनी घरातच गणिताची शिकवणी काढली. आणि नशिबाचा चावटपणा बघा, शिकवायचं काय, तर बोटांवरची त्रिकोणमिती!

करंगळी म्हणजे शून्य अंश, मग तीस, पंचेचाळीस, साठ, आणि अंगठा नव्वद. हवं ते बोट मिटायचं, करंगळीच्या बाजूला उरलेली बोटं मोजायची, त्या आकड्याचं वर्गमूळ काढून दोनने भागायचं. आला साइन! कॅल्क्युलेटर गेला उडत. पण सरांचा हात जन्माचा पंचेचाळीसवर अडकलेला. साठला तीन बोटं लागायची, तिथे त्यांची भरायची दोनच. कार्टी त्यांना 'पंचेचाळीस सर' म्हणायची.

"अगं, हात दे जरा," सर हाक मारायचे. मग ओला हात पुसत काकू स्वयंपाकघरातून यायच्या.

"लोकांना बायकोचा उजवा हात लागतो, यांना डावा! बोला, तीस की साठ?"

वर्गमूळ कशाशी खातात हे काकूंना ठाऊक नव्हतं. पण बोट कधी चुकलं नाही. सरांचं नाव झालं ते त्या हाताच्या जोरावर, हे सरही कबूल करायचे, अर्थात त्या समोर नसताना.

अशा बाईची डावी बाजूच लुळी पडावी? वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, "बोटं हलली तर आशा आहे." सरांनी शिकवणी बंद केली आणि खाटेजवळ ठाण मांडलं.

"तीस दाखव. बरं, राहू दे. शून्य तरी? एक करंगळी मीट गं, बास!"

हात हलेना. सरांचा जीव टांगणीला लागला होता.

एका दुपारी ते अगदी काकुळतीला आले. "साठ दाखव ना गं."

काकूंनी चांगल्या हाताने सरांचाच डावा हात ओढला, त्याची तर्जनी मिटली आणि करंगळीपासून मोजलं. दोन. पुन्हा मोजलं. दोनच. त्यांच्या कपाळावर आठी आली. मग त्यांनी स्वतःचा निर्जीव डावा हात उचलला आणि त्याचं मधलं बोट सरांच्या रिकाम्या जागेत नेऊन ठेवलं.

करंगळी, अनामिका आणि हे एक. तीन.

"बरोबर," सर म्हणाले, आणि ढसाढसा रडले. उत्तर बरोबर आलं तर हा माणूस रडतोय कशाला, अशा नजरेने काकू बघत राहिल्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

परीक्षा तोंडावर आली तशी मुलं परत आली. एका मुलीने विचारलं, "सर, साइन साठ?"

"अगं, हात दे..." सरांच्या तोंडून गेलंच. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायची कुणाची हिंमत झाली नाही.

सरांनी आपलाच डावा हात वर धरला, तर्जनी मिटली. "मोजा."

"दोन, सर," मागून कुणीतरी बोलून गेलं.

"नीट बघा. तीन आहेत."

त्या मुलीने डोळे पुसले. "हो सर, तीन," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी माना खाली घालून लिहिलं: वर्गमूळ तीन भागिले दोन.

लिहून झालं तरी सर तसेच उभे होते, हात वर धरून.