परबमावशींचं ऊन

परबमावशी रात्रपाळी संपवून आमच्या ऑफिसात शिरल्या की आधी बसत नसत, पाणी मागत नसत. सरळ खिडकीशी जात. गळ्यातली दोरी काढायच्या आणि तिला लटकलेली अंगठ्याएवढी बॅटरी ग्रिलच्या गजाला अडकवायच्या. बॅटरीच्या पाठीवर सोलरची छोटीशी काळी काच होती. ती पदराने पुसायच्या, तिचं तोंड उन्हाकडेच आहे ना ते मागे सरकून बघायच्या, आणि मग कुठे खुर्चीत बसून चपला काढत म्हणायच्या, "झालं. तिची पाळी सुरू, माझी संपली."

आमचं ऑफिस म्हणजे घाटकोपर पश्चिमेला एका फरसाणवाल्याच्या डोक्यावरची पहिल्या मजल्यावरची खोली. अंथरुणाला खिळलेल्या माणसांपाशी बसायला आम्ही बायका पुरवतो. त्या नर्स नव्हेत. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, डायपर बदलणं, ठरलेल्या वेळी गोळी देणं, ही त्यांची कामं. लोक आम्हाला ब्युरो म्हणतात आणि बायकांना मावशी. कुठली मावशी कुठल्या घरी, दिवसाला की रात्रीला, हे मी ठरवते. मी बी.कॉम. आहे. माझे वडील सकाळी नाक्यावर उभे राहून बिगारीचं काम मिळवायचे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते आणि सांगत राहीन. परबमावशींनाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. "काय गो बीकॉम, आज खंय धाडतंस?" हीच हाक.

ती बॅटरी त्यांना एका पेशंटच्या मुलाने दिली होती. औषधकंपनीने फुकट वाटलेली, किल्ल्या अडकवायची कडी असलेली. कंपनीचं नाव कधीच पुसून गेलं होतं. मावशींनी कडीत किल्ली एकच अडकवली, स्वतःच्या घराची, आणि ती गळ्यात घातली.

रात्रपाळीतली निम्मी कामं अंधारात करायची असतात. पेशंटचा नुकता डोळा लागलेला असतो, पलीकडच्या खोलीत घरचे झोपलेले असतात, मोठा दिवा लावला की कुणीतरी वसकन अंगावर येतं. मावशी बॅटरी मुठीत धरून पेटवायच्या. बोटांच्या फटींतून लालसर उजेड पडायचा. तेवढ्यावर त्या लघवीची पिशवी किती भरली ते बघायच्या, सलाइन नीट पडतंय ना ते बघायच्या, पलंगाखाली गेलेली कवळी शोधून काढायच्या. सकाळी लिफ्ट बंद असली तर त्याच उजेडात जिने उतरायच्या. नव्या बायकांना बजावायच्या, "पेशंटच्या तोंडावर बॅटरी मारायची नाय. तो काय चोर आहे?"

मी एकदा म्हटलं, "मावशी, मोबाइलला असते की बॅटरी."

"मोबाइल हातात दिसला की त्यांना वाटतं बाई व्हिडिओ बघते. आणि चार्जिंगला लावला तर सूनबाई बोर्डाकडे बघते. बोलत काय नाय हां. नुसती बघते. त्यापेक्षा हे बरं. उन्हाकडे कोण बघत बसलंय?"

त्यांच्या स्वतःच्या घरात ऊन नव्हतं. डोंगरावरची झोपडी जाऊन इमारतीत पाचव्या मजल्यावर खोली मिळाली, पण समोरची इमारत एवढी खेटून की, त्या म्हणायच्या, "हात लांब केला तर समोरच्यांचा टॉवेल वाळला काय ते कळतं." गच्चीला सोसायटीचं कुलूप. म्हणून आमची खिडकी. बॅटरी आमच्याकडे उन्हात, मावशी घरी अंधाऱ्या खोलीत झोपायला. झोप कसली म्हणा! शेजारचा मिक्सर, पोरांचा दंगा, पाणी आल्याची हाकाटी. संध्याकाळी बॅटरी न्यायला यायच्या तेव्हा बॅटरी ताजी असायची आणि मावशी सकाळच्याहून जास्त दमलेल्या.

मुलगा कंत्राटावर वॉचमन. कंत्राट असलं की कामावर, नसलं की घरी. सून शिवण करते. नात सायली कॉलेजात. घर खऱ्या अर्थाने चालायचं ते मावशींच्या रात्रींवर. "ती तुझ्यासारखी बीकॉम झाली की मी सुटले," त्या म्हणायच्या. "तोवर रात्र माझी."

पावसाळ्यात ऊन नसलं की त्या बॅटरी आमच्या ट्यूबलाइटखाली उलटी टांगायच्या. मी म्हटलं, "मावशी, तिला ऊनच लागतं. याने काही होणार नाही."

"उजेड तो उजेड. तुझी बीकॉम हिशोबाची, हिची नाय."

संध्याकाळी बटण दाबलं तर बॅटरी खरंच पेटली. मावशींनी माझ्याकडे बघून मान उडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आल्या आल्या काच पदराने पुसायला लागल्या.

"किती टिकली?" मी विचारलं.

"लिफ्टच्या दारापर्यंत."

हळूहळू बाकीच्या बायकांनाही नाद लागला. शोभा नावाची एक जण फुटपाथवरून तसलीच बॅटरी घेऊन आली, तिचं बघून आणखी काहीजणी. ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीने आपापल्या रंगाचा दोरा बांधला आणि आमचं ग्रिल भरून गेलं. खालचा फरसाणवाला वर बघून विचारायचा, "मॅडम, दिवाली है क्या आज?" आठवडाभर रोज उन्हात टांगूनही शोभाची बॅटरी विझली ती विझलीच. परबमावशींनी ती हातात घेतली, पाठीवर नख मारलं, आणि काळी काच सोलून त्यांच्या बोटाला चिकटून आली. ते स्टिकर होतं. आत घड्याळाचा सेल. शोभा रडकुंडीला आली. मावशी म्हणाल्या, "अगो, आठवडाभर तू स्टिकर वाळवलंस!" तेव्हा शोभासकट सगळ्या हसत सुटल्या. रात्रभर जागलेल्या बायका एकदा हसायला लागल्या की त्यांना थांबता येत नाही.

गेल्या वर्षी थंडी संपत आली तेव्हा मावशींची कुरकुर सुरू झाली. "तुझ्या खिडकीतलं ऊन पातळ झालं गो." बॅटरी भरत नाही म्हणे. त्यांनी ती खालच्या गजावरून वरच्या गजावर नेली. मग खालच्या तळणाच्या धुराला दोष दिला आणि काच साबणाने धुतली. मग समोर चढणाऱ्या टॉवरला शिव्या घातल्या, जो तोवर आमच्या खिडकीच्या उंचीलाही आला नव्हता. मला वाटलं, जुनी झाली असेल, या बॅटऱ्या काही जन्मभर चालत नाहीत. मी चांगल्या दुकानातून नवी आणली, दोन दिवस उन्हात ठेवली, आणि आम्ही दोघी ऑफिसच्या मोरीत दार लावून उभ्या राहिलो. दोन्ही बॅटऱ्या भिंतीवर मारल्या. माझे डोळे दिपले.

"दोनी मेल्या सारख्याच," मावशी म्हणाल्या. "मंद."

मोरीतून बाहेर आल्यावर मी त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. उजव्या बाहुलीवर दुधाळ साय धरल्यासारखं होतं.

"मावशी, डोळे दाखवून घ्या."

"डोळ्यांना काय झालंय?"

"दाखवल्याशिवाय कसं कळेल?"

"दाखवले की तू ड्युटी देणार नाय." त्या माझ्याकडे न बघता दोरी गळ्यात घालत होत्या. "सायलीचं अजून दीड वर्ष आहे. दीड वर्ष गप्प बस."

मी गप्प बसले नाही, पण हट्टही धरला नाही. दर चार दिवसांनी विषय काढायचा, त्यांनी झटकायचा, असं चाललं. त्या वेळी त्यांची ड्युटी मुलुंडला होती. एक निवृत्त आजोबा, अर्धांगवायू झालेले, वाचा गेलेली. घर चांगलं. सूनबाई शब्दाच्या टोकदार, पण मावशींवर खूश. आजोबा दुसऱ्या कुणाच्या हातून धड खात नसत, मावशींच्या हातून खायचे.

आणि एका सकाळी मावशी आल्या त्या खिडकीकडे गेल्याच नाहीत. माझ्यासमोर बसल्या.

"काल मी गोळी चुकले."

मी पेन खाली ठेवलं. "दिली?"

"नाय. आजोबांनी तोंडच उघडलं नाय. दात घट्ट. मी चिडले. म्हटलं, आ करा, नखरे नको, मलापण झोप आहे. तरी नाय. नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग मी पॅसेजमधल्या दिव्याखाली जाऊन पाकीट बघितलं. सकाळची होती ती. रात्रीची नाय. बॅटरी मारून, दोनदा बघून काढलेली गो." त्यांनी ओठ पुसले. "माका दिसला नाय."

खालून फरसाणाच्या कढईचा आवाज येत होता. मी विचारू नये ते विचारलं. "घरच्यांपैकी कुणी पाहिलं?"

"आजोबांनी."

"ते सांगू शकत नाहीत, मावशी."

"म्हणून तर मी सांगत्येय," त्या म्हणाल्या. "मला रात्रीची देऊ नको. दिवसाचीपण नको. दुसरी बाई बघ."

सायलीचं दीड वर्ष त्यांना आठवत नव्हतं असं नाही. ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी मुलुंडच्या सूनबाईंना फोन लावला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या खूप बोलल्या, बोलायचा त्यांना हक्क होता. मावशी समोर बसून फोनमधला आवाज ऐकत होत्या. मग त्या उठून गेल्या. त्या दिवशी बॅटरी त्यांच्या गळ्यातच राहिली.

मोतीबिंदू पिकला होता, दोन्ही डोळ्यांत. एका धर्मादाय इस्पितळात आधी एक, मग दुसरा, अशी ऑपरेशनं झाली. सायलीने सकाळचं कॉलेज आणि संध्याकाळी एका कपड्यांच्या दुकानात काउंटर असं सुरू केलं. घर अडखळत का होईना, चाललं. आणि एके दिवशी काळा चष्मा लावून मावशी ऑफिसात हजर. चष्मा काढून त्यांनी बॅटरी पेटवली आणि दचकून तोंड फिरवलं. "अगो बाय! ही तर डोळ्यात घुसते!" मग माझ्याकडे निरखून बघत, "तू एवढी काळवंडलीस कधी? झोपत नाय काय?"

मी त्यांच्यासाठी ड्युटी राखूनच ठेवली होती. म्हटलं, "मावशी, डॉक्टरांचं पत्र आणा आणि सोमवारपासून या."

त्या बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होत्या, तळव्याकडून आणि पाठीकडून, उलटेसुलटे करून. "हे असे झालेत ते मला माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "आरशात पण बघितलं घरी. बीकॉम, मी लय दमलेय गो. माका आता निजाक व्हया." झोपायचं होतं त्यांना, एवढंच. मी आणलेली नवी बॅटरी त्यांनी शोभाला देऊन टाकली आणि जुनीच गळ्यात घालून घरी गेल्या.

नंतर मुलुंडच्या सूनबाईंचे फोन यायला लागले. आजोबा नव्या बाईच्या हातून गोळी घेत नव्हते. ती गेली, तिसरी पाठवली, तिच्याकडूनही नाही. जेवणसुद्धा कमी झालं. "तुमच्या परबमावशींना विचारा ना," सूनबाई म्हणाल्या. "झालं ते झालं. डोळे झालेत ना आता बरे? फक्त रात्रीचं. त्या म्हणतील तसं." त्यांचा आवाजही थकला होता. आजारी माणसाच्या घरात शेवटी सगळ्यांचाच आवाज तसा होतो.

मला वाटलं, मावशी आजोबांसाठी नाही म्हणणार नाहीत. मी फोनवर न विचारता रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. साडेसात-आठ झाले असतील. दार सायलीने उघडलं, कामावरून नुकतीच आलेली, पर्स खांद्यालाच.

"आजी झोपलीय, ताई. उठवू?"

खोलीत ट्यूबलाइट लख्ख पेटलेली, टीव्ही चालू, शेजारच्या घरात कुणी मिक्सर फिरवत होतं. भिंतीकडच्या चटईवर परबमावशी एका कुशीवर झोपल्या होत्या. तोंड अर्धवट उघडं, पाय पोटाशी. इतक्या वर्षांत मी त्यांना दमलेलं पाहिलं होतं, डुलकी घेताना पाहिलं होतं, झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडत होता. माझा हात आपसूक बटणाकडे गेला.

सायलीने झटकन माझं मनगट धरलं. "नको, नको ताई. लाइट घालवली की ती उठते."

"उठते?"

"ताडकन उठून बसते आणि विचारते, पिशवी बघितली काय, गोळी दिली काय. अंधार झाला की तिची ड्युटी सुरू होते." ती माझ्याशी कुजबुजत बोलत होती, टीव्ही मात्र तिने बारीक केला नाही. "म्हणून आता आम्ही सगळे लाइट लावूनच झोपतो. पप्पा डोळ्यांवर रुमाल टाकतात."

मी पाणी प्यायले. सायलीला परीक्षेचं विचारलं. उठवू का, असं तिने पुन्हा एकदा विचारलं आणि मी नको म्हटलं. जिना उतरून खाली आले तोच मुलुंडच्या सूनबाईंचा फोन.

"काय झालं? येतायत का त्या?"

"नाही येणार," मी म्हटलं. "उद्या सकाळी मी स्वतः नव्या बाईला घेऊन येते. आजोबांपाशी दोघी बसतो, जरा ओळख होऊ दे."

"पण परबमावशींना नीट विचारलंत ना तुम्ही?"

मी वर पाचव्या मजल्याकडे पाहिलं. त्यांच्या खिडकीत दिवा होता.

"विचारलं," मी म्हटलं.