फुकटात गेलेला बसस्टॉप

“आणि तो समोरचा बसस्टॉप हलवावा लागेल,” मल्होत्रा म्हणाले.

मीटिंग संपतच आली होती. मल्होत्रा म्हणजे मुंबईच्या एका बड्या डिपार्टमेंट स्टोअरचे प्रोजेक्ट हेड. मुंबईतच वाढलेले, मराठी छान बोलायचे. परफ्युमपासून शेरवानीपर्यंत सगळं एका छताखाली, आणि किंमत बघितली की आपण वस्तू हळूच परत ठेवतो, अशातलं त्यांचं दुकान. ते सुरतेत यावं म्हणून आमची महापालिका त्यांना सवलती देत होती. याला इन्सेन्टिव्ह पॅकेज म्हणतात. शहरानं दुकानाला म्हणायचं, तू ये, मी काही वर्षं मालमत्ता कर कमी घेतो, परवानग्या लवकर देतो, शेजारचा प्लॉट पार्किंगला देतो. बदल्यात शहरात नोकऱ्या येतात. साऱ्या देशाला साड्या पुरवणाऱ्या सुरतेतली पैसेवाली मंडळी लग्नाच्या खरेदीला मुंबई गाठतात, तेही थांबतं. मलाही ते दुकान हवंच होतं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक मला विघ्नसंतोषी म्हणतात.

मी ट्रॅफिक विभागात डेप्युटी इंजिनिअर. बसस्टॉप माझ्या हद्दीतला.

“का हलवायचा?” मी विचारलं.

“एन्ट्रन्सचा व्ह्यू अडतो, मॅडम.”

“शेड काचेची आहे. आरपार दिसतं.”

“म्हणजे... गर्दी असते ना तिथे. ॲम्बियन्सचा प्रश्न आहे.”

ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. डब्याच्या पिशव्या घेतलेल्या बायका दाराशी उभ्या दिसायला नकोत, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. माझं डोकंच फिरलं.

आमचे देसाईसाहेब माणूस भला, पण हाडाचे सुरती. कराच्या प्रत्येक सवलतीवर त्यांनी घासाघीस केली होती. स्टॉपचं नाव निघालं तसा त्यांचा चेहरा खुलला, कारण यात दमडीचा खर्च नव्हता.

“मफतमां छे ने, पाटणकरबेन,” ते म्हणाले. “आपी दो!” म्हणजे देऊन टाका.

भाजीवाल्यानं भाजीवर फुकट कोथिंबीर टाकावी तसा त्यांनी माझा स्टॉप टाकला.

“साहेब, तिथे बस बे आहे,” मी म्हटलं. बस बे म्हणजे रस्त्याच्या कडेला बससाठी केलेली आत शिरलेली जागा. बस तिथे थांबते, मागची वाहनं अडत नाहीत. “पुढचा थांबा चौकापलीकडे. तिथे सिग्नलसुद्धा नाही. निदान आधी ट्रायल घेऊ. बॅरिकेड लावून बघू, शेड मग पाडू.”

ट्रायलही फुकटच होती, म्हणून मंजूर झाली.

माझ्या डोक्यात काही मोठा डाव नव्हता. लोक बोंब मारतील, तक्रारी येतील, त्या साहेबांच्या टेबलावर आपटीन, एवढंच.

एकही तक्रार आली नाही. बॅरिकेड लागले, बस न थांबता पुढे जायला लागली आणि लोक मुकाट्यानं चौकापलीकडून चालत यायला लागले. बंगल्यांमध्ये स्वयंपाकाला येणाऱ्या एका बाईला मी विचारलं, “अहो, तक्रार का करत नाही?” ती म्हणाली, “कोणाकडे, ताई? आणि करत बसले तर कामाला उशीर.” मला फार वाईट वाटलं. मल्होत्रा मात्र खूश. “बघा मॅडम, नो कम्प्लेंट्स!”

उद्घाटन आठवड्यावर आलं होतं. स्टोअरमध्ये स्टाफचं ट्रेनिंग चालू होतं. सकाळी मी स्कूटरवरून पाहणीला निघाले. चौकात एक मुलगी ट्रकांच्या मधून वाट काढत पळत होती. काळा युनिफॉर्म, पायात साध्या चपला, पिशवीतून डोकावणारे टाचेचे बूट. एक ट्रक तिला जवळजवळ घासूनच गेला. मी स्कूटर तिच्यापुढे नेऊन उभी केली.

“मरायचंय का गं?”

ती रडायलाच लागली. “माय वं! आज तिसरा लेट मार्क, ताई. मना जॉब जाई ते घर काय सांगू?”

माझं आजोळ अमळनेरचं. अहिराणी ऐकली की माझा राग टिकत नाही. “काही व्हत नही,” मी म्हटलं. “बठ मांगे.”

मागे बसून तिनं सगळं सांगितलं. नाव रूपाली. राहायला गोडादऱ्याला, वडील पॉवरलूमवर. गल्लीतल्या पोरी घरी बसून साड्यांना लेस लावतात. हिनं इंग्रजी बोलायचा क्लास लावला आणि या नव्या स्टोअरमध्ये परफ्युमच्या काउंटरवर लागली. ट्रेनिंगमध्ये तीन लेट मार्क झाले की नोकरी गेली. पहिले दोन झाले ते ट्रायल सुरू झाल्यावर.

“पप्पा पहिल्यापासून म्हणतात, ते दुकान आपल्यासाठी नाही,” ती म्हणाली. “आता त्यांचंच खरं होणार.”

बॅरिकेड माझ्याच विभागाचे होते.

स्टोअरच्या मागच्या दाराशी ही गर्दी! धापा टाकत आलेली पोरंपोरी आणि त्यांच्यावर ओरडणारा फ्लोअर मॅनेजर. मल्होत्रा स्वतः खाली आले होते. त्यांचे डायरेक्टर रिहर्सल बघायला येणार होते आणि आत काउंटर लखलखीत, पण मागे माणूस नाही.

“पाटणकर मॅडम, तुमच्या बसला झालंय काय? रोज अर्धा स्टाफ लेट!”

“बसला काही झालेलं नाही. स्टॉप तुम्ही मागितलात, आम्ही दिला.”

त्यांनी त्या पोरापोरींकडे पाहिलं. “हे सगळे बसनं येतात?”

“नाहीतर काय, विमानानं?”

मल्होत्रा मूर्ख नव्हते. क्षणभर विचार करून म्हणाले, “स्टाफसाठी व्हॅन लावू. पण ती पॅकेजमध्ये बसेल का?”

काय ही हिंमत! मी तिथूनच देसाईसाहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. “साहेब, यांना स्टाफसाठी व्हॅन हवीय. आपल्या खर्चानं.”

साहेब कडाडले, “व्हॅन? ना भाई ना! स्टॉप पाछो मूकी दो. आजे ज!”

ज्या कारणानं स्टॉप गेला, त्याच कारणानं परत आला. दोन्ही वेळा खर्च नव्हता.

“आणि यांचे लेट मार्क?” मी मल्होत्रांना विचारलं.

“ती कंपनीची पॉलिसी आहे, मॅडम.”

“मग स्टॉप कंपनीनंच हलवला होता, हेही पॉलिसीत लिहा.”

ते ओशाळून हसले आणि ट्रायल सुरू झाल्यापासूनचे सगळे लेट मार्क काढायला त्यांनी मॅनेजरला सांगितलं. रूपालीनं पायरीवर बसून चपला काढल्या, बूट चढवले आणि ताठ मानेनं आत गेली.

उद्घाटनानंतर मी मुद्दाम बसनं गेले. रूपालीनं माझ्या मनगटावर परफ्युम मारला. मी एक रुमाल घेतला, त्यापुढे माझी मजल गेली नाही.

“पप्पा आले होते,” ती हळूच म्हणाली. “इस्त्रीचा शर्ट घालून. आत नाही आले. स्टॉपवर बसून काचेतून मला बघत होते. दोन बस सोडल्या त्यांनी.”

“आता आत आण त्यांना.”

“येत्या सुट्टीला येणार आहेत. स्वतःच म्हणाले.”

बाहेर आल्यावर मीही बाकावर बसून पाहिलं. काउंटर तिथून अगदी समोर दिसतो.

द्यायला खर्च येत नाही अशी वस्तू कुणी मागितली, की ती कुणाची आहे हे आधी विचारावं, एवढं मी यातून शिकले. साहेबही शिकले बहुतेक. मध्यंतरी दुसरं एक बडं दुकान सवलती मागायला आलं. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, “टॅक्सनी वात करो, पार्किंगनी वात करो. स्टॉप पाटणकरबेननो छे.”

स्टॉप माझा नाही, रूपालीचा आहे, हे मी बोलले नाही. कौतुक फुकट मिळत होतं, घेऊन टाकलं.