तीन जळक्या काड्या

दिनकर साताऱ्याचा. पंचावन्न साली आम्ही दोघं एकाच बोटीनं जर्मनीला आलो, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला. मी डार्मश्टाटलाच राहिलो. हा पठ्ठ्या डॉक्टर झाला आणि ऱ्हाइनकाठच्या एका वाइनच्या गावात जाऊन मळेवाल्याच्या एकुलत्या एका मुलीशी, हिल्डाशी, लग्न करून घरजावई होऊन बसला!

त्रेसष्टच्या ऑक्टोबरात मी त्याला साताऱ्याला न्यायलाच गेलो. त्याच्या आईनं अंथरूण धरलं होतं. मला पत्र आलं होतं, 'सुधीर, एकदा त्याचं तोंड दाखव रे बाबा.'

गाव मात्र बघत राहावं असं. पाचशे वर्षांची तटबंदी, दगडी वेस, लाकडी चौकटींची वाकलेली घरं. सहलीवाले फोटो काढत होते.

"तुला छान वाटतंय," दिनकर म्हणाला, "कारण तुझी पाचची बस आहे."

मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं आणि मला तळघराच्या दारात नेलं. नवी वाइन आंबताना तिथं विषारी हवा साठते. म्हणून काठीला मेणबत्ती बांधून पुढे धरायची. विझली की ओरडायचं आणि पळायचं.

"दोन वर्षांपूर्वी काठी माझ्याकडे होती. मी पायरीवर, सासरे पुढे खाली. मोसमातलं पहिलं पिंप बघायचं होतं, आणि मेणबत्ती विझली. शुभकार्यात दिवा विझला, सुधीर! ओरडायचं सोडून माझा हात काड्यापेटीकडे गेला. म्हटलं, म्हाताऱ्याला कळायच्या आत लावून टाकू. खाली वाकून तीन काड्या ओढल्या. पेटायच्या की विझायच्या. वर बघतो तर ते पडलेले. रसायनशास्त्राचा डॉक्टर मी!" तो ढसाढसा रडला. "हिल्डाला यातलं काही माहीत नाही. तिचा बाप घालवला मी. आता तिला मळ्यात एकटी टाकून कुठल्या तोंडानं जाऊ?"

"अरे, जाऊन यायचं, तीन महिन्यांचा तर प्रश्न! आई आहे ती तुझी!" मी चिडलो. पण गडी ढिम्म हलला नाही.

बसपर्यंत सोडायला हिल्डावहिनी आल्या. वेशीबाहेर येताच हळूच म्हणाल्या, "काड्यांचं सांगितलं ना त्यानं? पायरीवर तीन जळक्या पडल्या होत्या. पोलीस यायच्या आत मीच उचलल्या."

मी गारच पडलो. "मग त्याला सांगा की, वहिनी! माफ केलं म्हणा! मोकळा होईल बिचारा."

"गेनाऊ. अगदी तेच. मोकळा झाला की जाईल, आणि परत यायचा नाही. मग मी काय करू?"

इतका राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता. परत फिरावं आणि दिनकरला सगळं सांगून टाकावं, असं वाटलं. पण बस आली आणि मी चढलो. पत्रानं कळवू म्हटलं. ते पत्र काही माझ्या हातून लिहून झालं नाही.

आई पौषात गेल्या. तेवढं मात्र मीच त्याला कळवलं. उलट टपाली त्याचं उत्तर आलं, 'हिल्डाला काही बोलला नाहीस, तुझे फार उपकार झाले.'