भाऊंनी लावलेलं गवत

रामभाऊ पाष्टे कोणाच्याही तबेल्यात शिरले की आधी गवताच्या गंजीकडे जात. एक काडी उपसायची, दाढेखाली धरायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. मी शहाडला दोन म्हशींवर धंदा सुरू केला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा निकाल मला मिळाला. "बाई, ह्यात रस नाही." ह्या माणसाने जन्मात शेळीसुद्धा पाळली नव्हती. कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त होऊन ते आंबिवलीला राहत आणि उरलेल्या वेळात, म्हणजे दिवसभर, लोकांना शेती शिकवत. इस्त्रीचा सदरा, काखेत छत्री आणि तुपात घोळलेलं बोलणं. गावाने त्यांना जाणकार ठरवलं, ते एवढ्यावरच.

मी त्यांना दारातूनच वाटेला लावलं असतं. पण पाटीलकाकूंचं रान त्यांच्या हातात होतं. काकू म्हाताऱ्या, एकट्या. आंबिवलीपलीकडे नदीच्या अंगाला त्यांचे रानाचे दोन तुकडे पडून होते, एक नदीकडचा, एक रस्त्याकडचा. भाऊ त्यांच्या नवऱ्याचे मित्र, म्हणून काकूंचा त्यांच्यावर विश्वास. तोवर माझ्या म्हशी दहा झाल्या होत्या आणि विकतच्या चाऱ्याने माझं कंबरडं मोडत होतं. भाऊंनी मला काकूंकडे नेलं. काकूंनी एकच अट घातली. रान उघडं पडलंय, एका पावसाळ्यात त्यावर गवत उभं करून दाखवा, मग जनावरं चारा. नाही जमलं तर जागा गोदामवाल्याला. तो तर रोज दाराशी येत होता.

नवं बी सगळं विकत आणायचं तर म्हशी विकाव्या लागल्या असत्या. मी टिटवाळ्याच्या पुढे एका गवतवाल्याला गाठलं. त्याचं एक रान कापायचं राहून गेलं होतं, काड्यांवर बी तसंच लटकत होतं. जुनं झालंय, काळं पडलंय, तुझ्याकडून कोण घेणार, असं म्हणत मी दुपारपर्यंत त्याच्याशी भांडले आणि माझ्या भावात उचललं. बेत साधा होता. हे गवत उघड्या जमिनीवर पसरायचं, माती भिजली की त्यावर म्हशी फिरवायच्या. खुरांनी बी मातीत दाबलं जातं, नांगर लागत नाही, मजूर लागत नाहीत. मग चारी बाजूंनी बाभळीच्या काट्या लावायच्या आणि बी पिकून गळेपर्यंत एकही जनावर आत सोडायचं नाही.

भाऊ ऐकून हसले. "बी विकत घेतो तो शेतकरी नव्हे बाई, तो गिऱ्हाईक."

त्यांनी गवताच्या एका वखारीतलं झाडलोटीचं भुसकट टेम्पो भरून आणवलं. फुकट होतं, आणि त्यांच्या मते त्यात सगळ्या जातींचं बी होतं. मी मूठभर हातावर घेऊन फुंकलं. गाजरगवताचं काळं बारीक बी सरळ दिसत होतं. मी दाखवलं, तर म्हणाले, जमीन निवड करते, आपण नाही करायची. मी टिटवाळ्याला दुसरी खेप आणायला गेले, तेवढ्यात त्यांनी रस्त्याकडच्या तुकड्यावर ते सगळं पसरून घेतलं. माझ्याच माणसांकडून. स्वतः छत्रीच्या टोकाने जागा दाखवत बसले होते.

नदीकडचा तुकडा मी माझ्या पद्धतीने केला. म्हशींच्या मागे मीच चिखलात फिरले. भाद्रपदात तिथे गवत मांडीला लागत होतं आणि रस्त्याकडचा तुकडा पांढऱ्या फुलांनी भरला होता. लांबून बघणाऱ्याला बाग वाटावी. माझी एक म्हैस त्यात तोंड घालून आली, तर दोन दिवस दूध कडू निघालं.

दसऱ्याच्या आधी काकू रान बघायला आल्या. मी तबेल्यातून पोचेपर्यंत भाऊंनी त्यांना फिरवून आणलं होतं. नदीकडचा हिरवा तुकडा म्हणे भाऊंच्या सल्ल्याने झाला होता आणि रस्त्याकडचा, बाईंनी ऐकलं नाही म्हणून, बिघडला होता. माझ्या तोंडावर, मान तिरकी करून, हळहळत भाऊंनी हे सांगितलं. मी काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून ऐकत होते. पण बाई ओरडली की ती खोटी ठरते आणि पुरुष हळू बोलला की तो समजूतदार ठरतो. काकूंनी हात वर केला.

"ज्यानं जो तुकडा पेरला, त्यानं तो घ्यावा. मना भांडण नको."

असा न्याय झाला. माझं गवत भाऊंना मिळालं आणि भाऊंचं गाजरगवत मला. गोदामवाल्याला मात्र काकूंनी परत पाठवलं, तेवढ्यासाठी मी तोंड बंद ठेवलं.

भाऊंकडे जनावरं नव्हती, तेव्हा त्यांनी आठवडाभरात सगळं गवत कापून एका तबेलेवाल्याला देऊन टाकलं. बी अजून दुधाळ होतं, एक दाणा जमिनीवर पडला नाही. वर काट्या काढून गावची गुरं आत सोडली आणि मन मोठं असावं लागतं असं सांगत फिरले. पुढच्या पावसाळ्यात तिथे गुरं तोंड लावत नाहीत तो टाकळा उगवला. त्यावर भाऊंचं म्हणणं, नदीकडची जमीन मुळात थकलेली. मी हाताला फडकी गुंडाळून फुलं यायच्या आत गाजरगवत उपटलं. हात सोलवटले, खाजेने झोप उडाली. पुन्हा टिटवाळ्याचं गवत पसरलं, पुन्हा म्हशी फिरवल्या. दोन पावसाळे गेले तेव्हा तो तुकडा गवताचा झाला. भाऊ रस्त्यावरून लोकांना तो आपलं काम म्हणून छत्रीने दाखवत.

गेल्या माघात भाऊ गेले. झोपेत, काही त्रास न होता. सकाळी त्यांच्या आळीतला विलास पाटील माझ्या तबेल्यावर आला. तिरडीवर घालायला गवत हवं होतं. मी गंजीवरून त्याच तुकड्यातल्या दोन चांगल्या पेंढ्या काढल्या. तो खिशात हात घालायला लागला, मी नको म्हटलं. पेंढ्या खांद्यावर घेत तो म्हणाला,

"बरं झालं वहिनी. भाऊंनी लावलेलंच गवत भाऊंच्या अंगाखाली."

मी दोन्ही पेंढ्या त्याच्या खांद्यावरून खाली ओढल्या.

"कोणी लावलेलं?"

"वहिनी, मयत घरात आहे. आज हे बोलायचं?"

"आजच. परवा मला कोण विचारायला येणार आहे?"

बाहेर मोटारसायकल चालू होती. तिच्यावर बसलेल्या माणसाने दोनदा हॉर्न वाजवला. विलासने पेंढ्यांकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुम्ही," तो म्हणाला. "तुम्ही लावलेलं."

"मोठ्याने. त्या बाहेरच्यालाही ऐकू जाऊ दे."

त्याने मोठ्याने म्हटलं. मग मी पेंढ्या सोडल्या.