पंचवीस शब्दांचं पत्र

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा माणिकपूरला रिक्षा चालवतात, आई एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. मी कायद्याला प्रवेश घेतला तेव्हा आपण नक्की काय घेतलंय हे आम्हा तिघांनाही नीट ठाऊक नव्हतं. वसईतल्या पापडीत आम्ही ज्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो, त्या काकींना मात्र ते लगेच कळलं. पहिल्या दिवसापासून त्या मला वकीलबाई म्हणू लागल्या. नळाला पाणी आलं नाही की त्यांच्या मोगऱ्याच्या वाडीतून हाक यायची, वकीलबाई, लावा नोटीस. मी लाजायचे, पण मला ते आवडायचं.

दुसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्रकल्पाचे विषय वाटले जात होते. मी हात वर करू की नको असं करेपर्यंत सोपे विषय संपले. माझ्या वाट्याला आलं ते असं : युद्धात परक्या सैन्याने ताब्यात घेतलेला प्रदेश आणि तिथले सामान्य नागरिक. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, वसईत बसून ही कुठला प्रदेश ताब्यात घेणार? मीही हसले.

महिन्याभरातच तो विषय आमच्या अंगणात आला.

काकींचा मुलगा, ज्याला मी लहानपणापासून दादा म्हणते, परदेशात एका बंदराच्या शहरात वेल्डर आहे. जहाजं दुरुस्त करणाऱ्या गोदीत. देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तो अजून तिथेच आहे. युद्ध सुरू झालं तेव्हा कंपनीने काही कामगारांना बाहेर काढलं. दादाचा पाय नेमका त्याच आठवड्यात कामावर दुखावला होता, तो मागे राहिला. मग दुसऱ्या बाजूचं सैन्य शहरात शिरलं आणि शहर त्यांच्या ताब्यात गेलं. दादा आणि आणखी काही जण वसतिगृहाच्या तळघरात राहत होते. गच्चीवर गेलं की कधीतरी फोनला रेंज मिळायची, एवढंच आम्हाला कळलं होतं.

एका सकाळी काकींनी मला वाडीत बोलावून घेतलं. त्या मोगऱ्याच्या कळ्या खुडत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, की त्या सैन्याचं भांडण आपल्याशी नाही, मग ते दादाला अडवून ठेवू शकतात का? माझ्या प्रकल्पात हेच तर होतं. आदल्याच दिवशी मी वाचलं होतं, की ताब्यातल्या प्रदेशात अडकलेल्या परदेशी माणसाला तिथून निघून जाण्याचा हक्क आहे. मी ठामपणे सांगितलं, नाही काकी, कायद्याने अडवताच येत नाही.

काकींनी पहिल्यांदा हात थांबवला. "वकीलबाई, बग हं," त्या म्हणाल्या, "मी त्याला सांगनार हाय हे."

आणि त्यांनी सांगितलंही. त्याच दिवशी फोनमध्ये स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून त्यांनी त्याला निरोप धाडला, की तिथल्या साहेबासमोर जाऊन उभा राहा, कायदा हाय, ते अडवू शकत न्हायत, तू निघ. संध्याकाळी त्या निरोपाखाली दोन खुणा उमटल्या, म्हणजे तो दादाच्या फोनमध्ये पोचला. त्याने ऐकला की नाही ते कळायला मार्ग नव्हता. त्यानंतर तिकडची रेंज गेली ती गेलीच. काकींनी दादाची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दाखवलं आणि आळीत सगळ्यांना सांगितलं, की आमच्या वकीलबाईनं कायदा वाचलाय, पोरगा येतो.

चार दिवसांनी मी प्रकल्प लिहायला बसले आणि तेच कलम पुढे वाचलं. निघून जाण्याचा हक्क आहे खरा, पण तो मागायचा असतो. परवानगी कशी द्यायची ते ताबा घेणारं सैन्य ठरवतं, आणि कारण असेल तर ते नाही म्हणू शकतं. मी पहिलं वाक्य वाचून थांबले होते. समोर आलं ते एकच चित्र. दादा लंगडत एका बंदूकधारी शिपायापुढे उभा आहे आणि माझं अर्धवट वाक्य त्याला ऐकवतो आहे.

दोन दिवस मी काकींच्या दारावरून न जाता मागच्या बाजूने कॉलेजला गेले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मी गेले.

तिसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या आम्हाला हाच विषय शिकवतात. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी माझं पुस्तक चाळलं आणि एका कलमावर बोट ठेवलं. ताब्यातल्या प्रदेशातल्या माणसाला घरच्यांची खुशाली कळवता आणि मिळवता आली पाहिजे, असं तिथे लिहिलं होतं. सैन्याला फारच बंधन घालायचं असेल, तर महिन्याला एक छापील कागद आणि त्यावर स्वतः निवडलेले पंचवीस शब्द. इतकं तरी ठेवावंच लागतं. मॅडम म्हणाल्या, युद्धात हे निरोप पोचवणारी एक संस्था आहे, तिच्या कार्यालयाचा पत्ता मी देते. "पण आधी घरी जा आणि चूक सांग. कागद नंतर."

काकी ओट्यावर बसून गजरे करत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यांनी दोऱ्याची गाठ पूर्ण केली. मग विचारलं, "म्हंजे मी त्याला बंदुकीपुडं धाडलं?"

मी म्हटलं, तुम्ही नाही, मी.

त्यांनी गजरा टोपलीत ठेवला. मग आत जाऊन चपला घालून आल्या आणि म्हणाल्या, चल, कुठं हाय तो कागद.

कार्यालयातले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी सांगितलं, की त्या शहरात सध्या खरंच पंचवीसच शब्द चालतात. मराठीत लिहा, आम्ही भाषांतर जोडतो. दोन्ही बाजूंचे लोक वाचणार, म्हणून फक्त घरची खबर. सैन्य, नाके, रस्ते यांबद्दल काही नको, आणि खुणेची भाषा तर मुळीच नको. तसा संशय आला तर कागद अडकेल आणि त्याच्यावरही बालंट येईल. म्हणजे आम्हाला जे कळवायचं होतं, की नाक्यावर जाऊन हुज्जत घालू नको, नेमकं तेच लिहिता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओट्यावर बसलो. काकींना अक्षरओळख जेमतेम, पण हिशेब पक्का. त्यांनी टोपलीतून पंचवीस कळ्या वेचून पाच-पाचाच्या पाच ढिगांत मांडल्या. एक शब्द झाला की एक कळी उचलायची. पहिल्या खेपेला आम्ही दादाच्या पायाची चौकशी आणि त्याच्या बाबांच्या गुडघ्याची हकिकत यातच सगळ्या कळ्या संपवल्या. कळ्या परत मांडल्या. मी सुचवलं, की 'परवानगी मिळाल्याशिवाय निघू नको' असं लिहू. मग मलाच ते कचेरीतल्या हुकमासारखं वाटू लागलं आणि मी ते खोडलं.

काकी म्हणाल्या, मी त्याला मुंबईला पाठवताना काय सांगायची ते लिव. पोरगं भायेर जाताना आई जे सांगते, त्यात कुनाला काय लढाई दिसनार?

मग मी म्हटलं, एक वाक्य मात्र हवं. कायदा मी चुकीचा सांगितला, असं माझं नाव घालून लिहा.

"तुझं नाव घालायला कळ्या कुठंयत?" काकी म्हणाल्या. "मी बोलले, असं लिव. आवाज माझाच व्हता."

मी पेन उचललं. त्या सांगत गेल्या, भाषांतर करणाऱ्याला अडू नये म्हणून मी ते पुस्तकी मराठीत उतरवत गेले. शेवटी एक कळी उरली. ती त्यांनी बोटांत फिरवली, आणि 'आई' या शब्दाच्या आधी 'तुझी' घालायला सांगितलं. कागदावर झालं ते असं :

बाळा, आम्ही बरे आहोत. मोगरा चांगला आलाय. मी आधी बोलले ते चुकीचं होतं. एकटा निघू नकोस. सांगतील तेव्हा ये. आम्ही थांबतो. पोटभर जेव. तुझी आई.

कार्यालयातल्या गृहस्थांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, आई आहे, असंच लिहिणार. आणि शिक्का मारला.

त्यानंतरचे सात आठवडे मला नीट सांगता येणार नाहीत. प्रकल्प मी दिला, त्यात गुण बरे पडले. घरी आल्यावर काकींच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि न विचारता खोलीत जायचं, एवढंच आठवतं. त्यांनी मला वकीलबाई म्हणणं सोडलं नव्हतं. उलट पूर्वीपेक्षा जास्तच म्हणायच्या. मला ते टोचायचं, हे त्यांना कळत होतं की नाही कोण जाणे.

उत्तर आलं ते तसल्याच कागदावर, दादाच्या तिरप्या अक्षरात. काकींनी तो माझ्या हातात दिला आणि वाच म्हणाल्या. मी वाचलं : आई, एकदा गेटवर गेलो होतो. दोन दिवस बसवून ठेवलं, मग सोडलं. आता अर्ज दिलाय. पाय बरा. थांबतो. तूही जेव.

म्हणजे तो गेला होता. आमचा कागद पोचायच्या आधीच, माझं वाक्य घेऊन. मी ते काकींना म्हटलं. त्यांनी मला खाली बसवलं.

"गेला व्हता," त्या म्हणाल्या. "मारलं तर न्हाय ना?"

"तसं लिहिलेलं नाही."

"बसवलं आनि सोडलं. असं सोडायचं, मारायचं न्हाय, हे तुझ्या कायद्यात हाय का?"

मी म्हटलं, आहे. ताब्यात असलेल्या माणसाला माणुसकीने वागवायचं, हे आहे.

"मग तेवडं पान तरी तिथं कुनीतरी वाचलेलं दिसतंय," काकी म्हणाल्या. त्या रडत होत्या, पण बोलत होत्या नेहमीसारख्याच.

मग त्यांनी विचारलं, की अर्जाला त्यांनी नाही म्हटलं तर पुढे काय? मला उत्तर अर्धं ठाऊक होतं. नकार आला तर फेरविचार मागता येतो, असं कुठेतरी वाचल्याचं आठवत होतं. ते माझ्या ओठांवर आलंही होतं.

"मला पूर्ण वाचू द्या काकी," मी म्हटलं. "उद्या सांगते."

त्यांनी मान हलवली, कागदाची घडी घातली आणि मला पुढच्या महिन्याचा फॉर्म कधी मिळेल ते विचारलं.